विनोदाचं अर्धं काम कान करतो

एक किस्सा दोन तऱ्हेने सांगून बघू. किस्सा रचलेला आहे, जागा मात्र खरी आहे. हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा नावाचं गाव आहे. अर्धापूर-डोंगरकडा हा केळीचा पट्टा, त्यामुळे केळीच्या घडांनी भरलेला टेंपो इथे कुणाला नवा नाही. असा एक टेंपो गावाजवळ उलटतो. पोलीस येतात आणि ड्रायव्हरला विचारतात, काय झालं?

पहिली तऱ्हा. ‘रस्त्यात कुत्रा आला. मी ब्रेक लावला. गाडी वळली, तिचा तोल गेला आणि ती उलटली.’ ‘आणि कुत्र्याचं काय झालं?’ ‘तो सुखरूप निघून गेला.’

दुसरी तऱ्हा. ‘काय सांगू सायेब, मधीच कुत्रं आलं. म्या कचकन ब्रेक दाबला. गाडी गर्रकन फिरली, भेलकांडली आन् धाडदिशी आडवी!’ ‘आन् कुत्रं?’ ‘गेलं की टुणकन!’

दोन्हींत माहिती तीच आहे. कुत्रा तोच, ब्रेक तोच, नुकसान तेवढंच. पहिली तऱ्हा पंचनाम्यात शोभेल. दुसरी ऐकून निदान ओठाचा कोपरा तरी हलतो. म्हणजे हसू घटनेत जेवढं आहे, त्याहून जास्त ते ‘धाडदिशी’ आणि ‘टुणकन’ यांच्यामधल्या अंतरात आहे. तीन वाक्यं वजनदार आवाज कानावर आदळतात आणि शेवटी, ज्याच्यापायी हे सगळं रामायण झालं तो प्राणी एका हलक्या, उसळत्या आवाजावर बसून पसार होतो. घटनेतली विसंगती आवाजाने मोठी केली.

हसण्यात वाणीचा वाटा आहे हे आपल्याकडे फार जुनं निरीक्षण आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाची कारणं सांगताना वेडावाकडा वेष, विपरीत अलंकार यांच्या जोडीला बिघडलेलं, असंबद्ध बोलणंही येतं. हसण्याचे स्मित ते अतिहसित असे सहा प्रकारही तिथे मोजलेले आहेत. पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने काव्यप्रकाशात वर्णांची वाटणीच केली: माधुर्य हवं असेल तर ट, ठ, ड, ढ नकोत, ओज हवं असेल तर हेच वर्ण आणि जोडाक्षरं कामाची. शृंगारातून हाकलून दिलेली ही ट-वर्गाची मंडळी पुढे मराठी विनोदाच्या घरी कायमची मुक्कामाला आली.

आवाजाला स्वतःचा आकार असतो का, हे प्रयोगशाळेत तपासायला विसाव्या शतकात सुरुवात झाली. 1929 साली दोन वेगवेगळ्या संशोधकांनी हा प्रश्न हाती घेतला. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर याने एक टोकदार आणि एक गोलसर अशा दोन आकृत्यांना ‘ताकेते’ आणि ‘बालुमा’ ही निरर्थक नावं वाटून द्यायचा खेळ मांडला. टोकदार ती ताकेते, गोल ती बालुमा, असाच बहुतेकांचा कौल. त्याच वर्षी अमेरिकेत एडवर्ड सपीर याने ‘मिल’ आणि ‘माल’ हे दोन बनावट शब्द देऊन विचारलं, यांतलं लहान टेबल कोणतं आणि मोठं कोणतं? बहुतेकांना ‘मिल’ लहान वाटलं. 2001 साली रामचंद्रन आणि हबर्ड यांनी क्योलरचा खेळ ‘बूबा’ आणि ‘किकी’ या नावांनी पुन्हा मांडला. अमेरिकेतल्या इंग्रजी भाषकांचं आणि भारतातल्या तमिळ भाषकांचं उत्तर एकच आलं: किकी टोकदार, बूबा गोल.

मराठी माणसाला यात फार नवल वाटू नये. आपल्या हसण्याचेच शब्द बघा. बाळ खुदकन हसतं, पोरं फिदीफिदी हसतात, गडी माणूस खदाखदा हसतो, आणि आजोबा खो खो हसायला लागले की ठसका लागतो. इकार-उकार तोंडातल्या तोंडात राहतात. आकार-ओकाराला जबडा उघडावा लागतो. सपीरने प्रयोग करून काढलेला निष्कर्ष या शब्दांनी कधीच पाठ करून ठेवला आहे.

आवाजाला आकार असतो इथवर ठीक. पण आवाज विनोदी असतो का? इंग्रजी रंगभूमीवर याबद्दल एक जुनी समजूत आहे. नील सायमनच्या 1972 सालच्या ‘द सनशाइन बॉइज’ या नाटकात एक म्हातारा विनोदी नट आपल्या पुतण्याला समजावतो की ज्या शब्दात ‘क’ आहे तो हसवतो, ज्यात नाही तो हसवत नाही. हा नियम जसाच्या तसा मराठीत आणला तर फसेल. काय, कोण, कधी, का, काका, काकू, कपाट: मराठीत ‘क’ पावलोपावली भेटतो आणि त्याला कुणी हसत नाही. मग इंग्रजीत तो का हसवतो?

यावर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या क्रिस वेस्टबरी आणि सहकाऱ्यांचं काम उपयोगी पडतं. वाचाघात झालेल्या रुग्णांच्या चाचणीत काही निरर्थक शब्द वापरले जात होते. त्यांतल्या ठरावीक शब्दांना, उदाहरणार्थ ‘स्नंकूपल’ला, लोक हटकून हसतात असं लक्षात आलं. मग त्यांनी संगणकाकडून असे पुष्कळ शब्द बनवून घेतले आणि लोकांना विचारलं, यांतला गमतीदार कोणता? 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाचा गाभा असा: शब्दातली अक्षरांची जुळणी त्या भाषेत जितकी दुर्मीळ, तितका तो शब्द हसू आणण्याची शक्यता जास्त. अपेक्षाभंग झाला की हसू येतं ही शोपेनहाउअरसारख्या तत्त्वज्ञांची कल्पना इथे अक्षरांच्या पातळीवर मोजली गेली. एखाद्या असभ्य शब्दाची आठवण करून देणारे शब्द बाकीच्यांना मागे टाकतात, हेही त्यात दिसलं. हे आपल्याकडे दादा कोंडक्यांना प्रयोगशाळेविना ठाऊक होतं.

2020 साली मार्क डिंगेमान्सा आणि बिल थॉम्पसन यांनी यात आणखी एक धागा जोडला. इंग्रजीत जे शब्द लोकांना गमतीदार वाटतात, तेच बहुधा ‘आवाजात अर्थ ऐकू येणारे’ही वाटतात. अशा शब्दांची बांधणी उठून दिसणारी असते, जणू शब्दच सांगतो की मला नेहमीसारखं घेऊ नका.

मराठीत असे शब्द म्हणजे अपवाद नव्हे, भांडार आहे. टुणकन, टचकन, फिसकन, गपकन, धपकन. ‘-कन’ लावून आवाजाचं क्रियाविशेषण करायचं, किंवा खेड्यातल्या बोलण्यात ‘-दिशी’ लावून धाडदिशी, फाटदिशी, चाटदिशी म्हणायचं. मरी एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने 1956 साली भारत हे एकच ‘भाषिक क्षेत्र’ आहे असं मांडणारा प्रसिद्ध लेख लिहिला. इंडो-आर्य आणि द्राविडी भाषांची कुळं वेगळी असूनही काही सवयी समाईक आहेत आणि प्रतिध्वनी शब्द ही त्यांतली एक, असं त्याचं म्हणणं. पुढे 1969 साली त्याने ध्वन्यनुकारी शब्दांवर स्वतंत्र लेखन केलं.

प्रतिध्वनी शब्दांची गंमत डोंगरकड्यासारख्या गावात विशेष कळते. इथून दक्षिणेला नांदेड आणि त्यापलीकडे तेलंगणाची हद्द. आपण ‘वाघबिघ’ म्हणतो, तेलुगू आणि कन्नडमध्ये दुसऱ्या शब्दाची सुरुवात ‘गि’ने होते आणि वाघाचा ‘पुली-गिली’ किंवा ‘हुली-गिली’ होतो. अक्षर बदललं तरी परिणाम तोच: वाघाची मांजर झाली. एका निरर्थक शेपटीने मोठ्या वस्तूचा तोरा उतरतो. ‘गावात मंत्री आले होते’ ही बातमी झाली. ‘गावात मंत्रीबिंत्री आले होते’ म्हटलं की मंत्री गाडीतून उतरायच्या आधीच दोन पायऱ्या खाली आलेले असतात. टिंगलीचा एकही शब्द न वापरता टिंगल झाली, आणि जाब विचारायला गेलं तर ‘बिंत्री’ला कुठल्याही कोशात अर्थ नाही.

आता पुन्हा कुत्र्याकडे. ‘धाड’मधला ध हा घोष आणि महाप्राण, त्यापुढे दीर्घ आ, मग ड. उच्चारताना छातीतून हवा जाते, जबडा उघडतो, जीभ टाळ्याला आपटते. ‘टुण’मध्ये ट अघोष आणि अल्पप्राण, उ र्‍हस्व, आणि शेवटी ण घुमतो, चेंडूच्या टप्प्यासारखा. जड आवाजाला अपघात दिला, हलक्याला कुत्रं दिलं. हीच अदलाबदल करून बघा: ‘गाडी टुणकन आडवी झाली, कुत्रं धाडदिशी गेलं.’ किस्सा मोडला. ध्वनी विनोदी असून भागत नाही, तो अर्थाशी जुळावा लागतो किंवा अचूक जागी अर्थाच्या विरुद्ध जावा लागतो.

शेवटच्या शब्दाची जागाही महत्त्वाची. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि विनोदाला ते सोयीचं नाही, कारण हशा ज्या शब्दावर यायचा त्याच्यानंतर ‘होता’, ‘आहे’, ‘गेलं’ असं काहीतरी लोंबत राहतं. म्हणून गोष्ट सांगणारा वाक्य उलटं करतो: ‘टुणकन गेलं’ याचं ‘गेलं की टुणकन’ होतं. याहून जुनी युक्ती म्हणजे ‘बघतो तर काय’. ‘पिशवीत भोपळा होता’ यात भोपळा मध्येच फुकट जातो. ‘पिशवी उघडून बघतो तर काय, भोपळा!’ इथे ‘काय’पाशी श्वास थांबतो आणि भोपळा एकटा येऊन पडतो. शिवाय तो भोपळा असतो. भ, ओ, प, ळ अशी गोलमटोल अक्षरं घेऊन येतो. त्याच्या जागी ‘काकडी’ ठेवली तर निम्मा हशा जातो. ‘ढेमसं’ ठेवलं तर कदाचित वाढेल.

ढेमशाचं नाव निघालं म्हणून ‘ढ’बद्दल थोडं थांबून बोलायला हवं. मराठी विनोदाचं एखादं बोधचिन्ह काढायचं ठरलं तर या अक्षराला तोड नाही. ढेरी, ढेकर, ढुंगण, ढेकूण, ढब्बू, ढिम्म, ढोंगी, ढगळ, ढोसणं, ढापणं: शरीर, खाणं, आळस, लबाडी, सगळा प्रहसनाचा माल एकाच अक्षराखाली. अभ्यासात मागे राहणाऱ्या पोराला तर आपण नुसतं अक्षरच बहाल केलं. त्याचं कारण असं सांगितलं जातं की ब्राह्मी लिपीपासून सगळी अक्षरं बदलत गेली, पण ढ आहे तिथेच राहिला. ब्राह्मीतला ढ आजच्या ढच्या आकाराच्या फार जवळ आहे हे खरं. पण या अक्षराच्या कपाळी मठ्ठपणा यायला त्याचा आवाजही कारणीभूत असावा. ढ मूर्धन्य आहे, घोष आहे, महाप्राण आहे. जीभ मागे वळवून, आवाज घुमवून, वर हवा सोडून तो काढावा लागतो. तोंडातून निघेस्तोवर वेळ खातो. शब्दाच्या आरंभी तो फारसा भेटतही नाही; ढची पानं कोशात क किंवा सच्या मानाने मूठभर. वेस्टबरीचा दुर्मीळपणा आणि डिंगेमान्साची उठून दिसणारी बांधणी, दोन्ही कसोट्यांना हे एकटं अक्षर उतरतं.

मात्र इथेच सावध व्हायला हवं. ‘पंढरी’ म्हणताना कुणाला हसू येतं का? हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव मानलं जातं. या भागात पंढरी आणि आषाढ हे दोन्ही शब्द ढ घेऊनच येतात आणि हात जोडले जातात. गाढ झोप, वाढदिवस, ढाल यांतही विनोद नाही. म्हणजे ध्वनी कानात फक्त कल तयार करतो. त्या कलाच्या दिशेने अर्थ आला तर हसू फुटतं, न आल्यास कान विसरून जातो. ‘नितंब’ आणि ‘ढुंगण’ यांत अर्थ एकच. पण पहिल्यावर संस्कृत काव्याची झूल आहे आणि दुसऱ्यावर कपडाच नाही. तिथे ढचं काम निम्मं आणि शब्दाच्या सामाजिक पायरीचं निम्मं.

विनोदी नावांत हा कल फार स्पष्ट दिसतो. मराठी विनोदातल्या पोराचं नाव बंड्या, झंप्या, गण्या किंवा पक्या असतं; अनिरुद्ध नसतं. कधी अनुस्वार आणि मागोमाग कठीण व्यंजन, त्यावर सलगीचा ‘-या’: हा साचा इतका पक्का की नाव घेताच ऐकणारा हसायच्या तयारीत बसतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये बंडूनाना आणि पांडुतात्या आहेत. चिं. वि. जोशींनी तर जोडी लावताना सपीरचा प्रयोगच कागदावर उतरवला: किडकिडीत तो चिमणराव, आडदांड तो गुंड्याभाऊ. ज्याने पुस्तक उघडलेलं नाही, त्यालाही नुसत्या नावावरून कोण बारीक आणि कोण जाड हे ओळखता येईल. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे उभे राहिले तेव्हा डोळ्यांनी कानाला होकार दिला.

सिनेमावाल्यांनी तर पाटीच आवाजावर रंगवली. दादा कोंडके यांचे ‘एकटा जीव सदाशिव’ (1972) आणि ‘राम राम गंगाराम’ (1977) ही नावं यमकावर आणि पुनरुक्तीवर उभी आहेत. महेश कोठारे यांची यादी मोठ्याने वाचून बघा: ‘धुमधडाका’ (1985), ‘दे दणादण’ (1987), ‘थरथराट’ (1989), ‘धडाकेबाज’ (1990), ‘झपाटलेला’ (1993). ध, थ, झ, ड, ट. सौम्य अक्षरांना जणू प्रवेश नाही. खलनायक टकलू हैवान, कवट्या महाकाळ आणि तात्या विंचू. शेवटच्या नावात ‘तात्या’ हा घरातला माणूस आणि ‘विंचू’ हा दगडाखालचा प्राणी. भीती आणि हसू एकाच नावात नांदतात.

आता एक निराळा प्रकार. ‘काय करू लालास?’, ‘कामून?’, ‘हौ, येतो की’. नांदेड-हिंगोलीकडच्या या बोलण्याला पुण्यामुंबईच्या प्रेक्षागृहात हमखास हशा मिळतो. डोंगरकड्याच्या पारावर मात्र याला कुणी हसणार नाही, कारण तिथे ते रोजचं बोलणं आहे. उलट तिथे कुणी ‘अहो, जरा ऐकता का’ असं अनुनासिक, ठेवणीतल्या सुरात म्हणालं, तर पोरं तोंडाला रुमाल लावतील. बोलीतलं हसू ध्वनीत मुळीच नसतं, ते ऐकणाऱ्याच्या सवयीत असतं. आणि कुणाची सवय ‘प्रमाण’ ठरली, हा प्रश्न शाळा, छापखाना आणि सत्ता यांचा आहे. म्हणून बोलीवरचा विनोद चटकन हेटाळणीकडे घसरतो. खेडवळ नोकर आला, त्याने ‘ण’चा ‘न’ केला, प्रेक्षक हसले: यात लेखकाने काहीच कमावलेलं नसतं.

लक्ष्मण देशपांडे यांनी हे पारडं फिरवलं. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या कलावंताने 1979 साली ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग सुरू केला. तीन तास, बावन्न पात्रं, माणूस एकटा. पुढे त्याची नोंद गिनीज बुकात झाली. बावन्न माणसं एकाच देहातून उभी करायची तर वेषांतराला वेळच नसतो. प्रत्येक माणूस वेगळा करायचा तो सुराने, हेल काढण्याने, कुणाच्या बोबडेपणाने, कुणाच्या खाकरण्याने. शिवाय इथे मराठवाडी बोली एका गड्याच्या तोंडी टाकलेली फोडणी नव्हती. गावच्या गाव तेच बोलत होतं आणि परकं काय ते लंडन होतं. ‘वऱ्हाड’ हा ऱ्हचा ओबडधोबड शब्द आणि ‘लंडन’ हा गुळगुळीत शब्द, यांची टक्कर शीर्षकातच ऐकू येते. देशपांडे 2009 साली गेले. पुढे संदीप पाठक यांनी हा प्रयोग रंगमंचावर आणला.

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथल्या कानावर दखनीचाही संस्कार आहे. दखनीने आपला ‘नको’ उचलला आणि त्याचा ‘नक्को’ केला. एका क-चा दुप्पट क झाला आणि नकाराला लाडिक हट्ट चिकटला. दखनीतल्या विनोदी शायरांची टोपणनावं तर ऐकण्यासारखी आहेत: सरवर डंडा, गिल्ली नलगोंडवी, पागल आदिलाबादी, ख्वामख्वाह हैदराबादी. उर्दू शायरीच्या रिवाजाप्रमाणे गावाचं नाव भारदस्तपणे मागे जोडायचं आणि पुढे ‘गिल्ली’ ठेवायची. मुशायऱ्यात नाव पुकारलं की शेर सुरू व्हायच्या आधीच पहिला हशा वसूल.

या सगळ्यातून लिहिणाऱ्या-बोलणाऱ्याच्या हाती एक साधी कसोटी येते. विनोद जमला की त्यातला हशाचा शब्द काढून तिथे त्याच अर्थाचा दुसरा शब्द घाला आणि मोठ्याने म्हणून बघा. हसू तसंच राहिलं तर विनोद प्रसंगाचा आहे. तो हिंदीत सांगा, इंग्रजीत सांगा, निभावेल. हसू गेलं तर तो कानाचा विनोद आहे, आणि त्याला जपायचं तर त्याचे शब्द, त्यांचा क्रम आणि मधला श्वास, तिन्ही जसेच्या तसे राखावे लागतील. फोनवर पुढे ढकललेला चुटका पुष्कळदा मेलेला वाटतो तो यामुळेच. अक्षरं पोचतात, पण ‘बघतो तर काय’नंतर किती थांबायचं हे पडद्यावर लिहिलेलं नसतं. ते थांबणं जो जाणतो, त्यालाच गाव पुन्हा पुन्हा तोच किस्सा सांगायला लावतं, सगळ्यांना शेवट पाठ असूनही.